न पिणाऱ्या मॅलाकीचा लाल चेहरा

मॅलाकी टॅन्सीनं एकसष्ट वर्षांत दारूचा थेंबही जिभेवर ठेवला नव्हता, आणि तरी क्लूनाहार्ड गावातल्या निम्म्या लोकांना तो पट्टीचा पिणारा वाटायचा. कारण एकच, त्याचा चेहरा.

गालांवर, नाकावर आणि थोडी हनुवटीवर अशी त्याला कायमची लाली होती. जवळून पाहिलं तर बारीक लाल शिरांची जाळी दिसायची, लांबून नुसतीच लाली दिसायची. पश्चिमेचा वारा सुटला की ती भडकायची, गरम चहा प्यायला की भडकायची, शेकोटीजवळ बसला की कानापर्यंत पसरायची. डोळेही चुरचुरायचे आणि पाणावायचे. चाळिशीत हे सुरू झालं. तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मलमाची एक ट्यूब दिली, ती संपली, आणि पुढे त्यानं कुणाला विचारलं नाही. त्याची बायको फिलोमिना म्हणायची, "सकाळी तव्याची गरज नाही बघ. तुझ्या गालावर अंडं फोडलं की झालं."

फिलोमिनानं म्हटलेलं त्याला चालायचं. बाकीच्यांनी म्हटलेलंही चालायचंच म्हणा. शाळेच्या बसमधली पोरं त्याला 'सिग्नल' म्हणायची. बावीस वर्षं तो त्या रस्त्यावर बस चालवत होता. आधी ज्या पोरांनी त्याला सिग्नल म्हटलं, त्यांचीच पोरं आता बसमध्ये चढत होती आणि सिग्नलच म्हणत होती.

त्याच्या कोटावर येशूच्या हृदयाची एक छोटी पिन असायची. आयुष्यभर दारू पिणार नाही अशी शपथ घेतलेले लोक ती लावतात. बाराव्या वर्षी वर्गातल्या सगळ्याच मुलांनी शपथ घेतली होती, आणि विशीच्या आत सगळ्यांनी मोडलीही होती. मॅलाकीनं मोडली नाही. त्याचा बाप शुक्रवारी संध्याकाळी जत्रेला जायचा तो रविवारी दुसऱ्याच्या गाडीवर पडून घरी यायचा. ते बघितलेल्या पोराला शपथ पाळायला फार जोर लावावा लागला नाही. गिलमार्टिनच्या पबमध्ये तो जायचा, पत्ते खेळायचा, लाल लेमोनेड प्यायचा. पिन बघून अनोळखी माणसं हसायची. कुणाला वाटायचं चेष्टा म्हणून लावली आहे, कुणाला वाटायचं बायकोनं लावायला लावली आहे.

फिलोमिना फेब्रुवारीतल्या एका सकाळी गेली. सकाळची फेरी संपवून मॅलाकी पावणेदहाला घरी आला, तेव्हा ती मागच्या मोरीत फरशीवर पडली होती. वॉशिंग मशीन चालू होतं. त्यानं अँब्युलन्सला फोन केला, तिच्याजवळ खाली बसला, तिचा हात हातात घेतला. हात कोमट होता. अँब्युलन्सवाले आले, त्यांनी बघितलं, मान हलवली, तरी तिला घेऊन गेले. एकानं विचारलं, "तुम्ही आमच्याबरोबर येताय ना?" मॅलाकी म्हणाला, "मी मागून गाडी घेऊन येतो." ते गेले. मग मशीन थांबलं. त्यानं दार उघडून ओले कपडे टोपलीत काढले, अंगणात नेले आणि एकेक करून दोरीवर वाळत घातले. तिचे ब्लाऊज, त्याचे पायमोजे, दोन उशांचे अभ्रे. चिमटे संपले तेव्हा उरलेले कपडे कुंपणावर टाकले. मग गाडी काढली.

शेजारच्या बार्टलीनं हे त्याच्या गोठ्यातून बघितलं होतं. त्याला वाटलं, फिलोमिनाला जरा बरं नाही म्हणून नवरा कपडे वाळत घालतोय.

तीन दिवस घरात माणसांची रीघ होती. शवपेटी पुढच्या खोलीत होती. मॅलाकी तिच्या डोक्याशी उभा. माणसं रांगेनं यायची, हात हातात घ्यायची, म्हणायची, "फार वाईट झालं, मॅलाकी." तो म्हणायचा, "आलात, बरं वाटलं." शेकोटी पेटलेली, कुणी ना कुणी गरम चहाचा कप हातात देत होतं, आणि चेहरा नुसता निखाऱ्यासारखा झाला होता. दफनाच्या दिवशी टेकडीवर असा वारा होता की पाद्र्याच्या हातातलं पुस्तक मिटत होतं. सगळे रडत होते. मॅलाकीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते वाऱ्याचं. आत काहीच होत नव्हतं. तो वाट बघत होता की आता होईल, घरी गेल्यावर होईल, उद्या होईल. झालं नाही. दहाव्या दिवशी तो बसवर परत गेला. पाय क्लचवर, हात गिअरवर, सगळं आपापल्या जागी. त्याला वाटलं, असंच असतं बहुधा.

पुढच्या जानेवारीत, एका शुक्रवारी संध्याकाळी पॉरिक स्कॅहिल दारात येऊन उभा राहिला. तीन बसचा मालक, आणि मॅलाकीचा शाळेपासूनचा सोबती.

"आत ये की."

"नको. बूट चिखलाचे आहेत."

"मग काढ."

पॉरिकनं बूट काढले नाहीत आणि आतही आला नाही. टोपी काढून हातात फिरवत राहिला. "मॅलाकी, एक फोन आलाय मला."

"कुणाचा?"

"नाव सांगता येत नाही. कुणाची तरी आई आहे. म्हणते, सोमवारी सकाळी ड्रायव्हरचा चेहरा... आणि डोळेपण लाल होते म्हणे."

"माझा चेहरा वीस वर्षं लाल आहे, पॉरिक."

"मला माहितीये रे."

"मग तिला सांगितलंस का?"

"सांगितलं. ती म्हणाली, सगळे असंच सांगतात."

 मॅलाकी म्हणाला, "बरं."

सोमवारी तो आपणहून पोलीस ठाण्यात गेला. सार्जंट लावेल तिथं एकटाच टोस्ट खात बसला होता. मॅलाकी म्हणाला, "मला नळीत फुंकायचंय."

"का, काय केलंस?"

"काही नाही. तेवढं लिहून हवंय."

लावेलनं आधी हसून घेतलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. यंत्र काढलं. मॅलाकीनं फुंकलं. शून्य आलं. लावेलनं एका कागदावर तारीख, वेळ, शून्य असं लिहून शिक्का मारला. मॅलाकीनं कागद पॉरिकला नेऊन दिला. पॉरिकनं तो दोनदा वाचला.

"मला शंका नव्हतीच," पॉरिक म्हणाला. "पण आता चार जणींनी तक्रारीवर सह्या करून दिल्यात. जरा ईस्टरपर्यंत दम धर. माझ्याकडचा यूजीन आहे, तोवर त्याला घालतो बसवर. हे थंड होऊ दे."

"बरं," मॅलाकी म्हणाला.

त्याला स्वतःलाच वाटलं की इथं संताप यायला हवा. घरी येऊन तो खुर्चीत बसला आणि संतापाची वाट बघू लागला. मग बटाटे सोलायला घेतले.

मुलगी ग्रॉन्या शनिवारी आली. ती गॉलवे शहरात शाळेत भूगोल शिकवायची. तिला हे बापानं सांगितलं नव्हतं, बार्टलीच्या बायकोनं फोनवर सांगितलं होतं.

"डॅडी, तू काहीच बोलला नाहीस त्याला?"

"काय बोलायचं?"

"काय बोलायचं? बावीस वर्षं एक ओरखडा नाही बसला! तुझ्यासारखा दारूला न शिवणारा माणूस पूर्ण परगण्यात नाही आणि तू म्हणतोस काय बोलायचं!"

"त्यांची पोरं आहेत. घाबरल्या असतील."

ग्रॉन्यानं त्याच्याकडे असं बघितलं, जणू तिला आणखी काही बोलायचं होतं. ते तिनं गिळलं. मग म्हणाली, "मी तुझी वेळ घेतलीय. गॉलवेला. चामडीच्या डॉक्टरांकडे. नको म्हणू नकोस."

तो नको म्हणालाच नाही. कुठं जायचं, कधी जायचं, हे दुसऱ्यानं ठरवलेलं त्याला आता बरं वाटायचं.

डॉक्टर हेगार्टी पन्नाशीची, उंच, चष्मा डोक्यावर चढवलेली बाई होती. तिनं भिंगातून त्याचे गाल बघितले, पापण्या उलटून बघितल्या, पाच-सहा प्रश्न विचारले. "याला रोझेशिया म्हणतात, मिस्टर टॅन्सी. तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नाही?"

"बायको सांगायची, तवा म्हणतात."

डॉक्टर हसली. ग्रॉन्या हसली नाही. तिनं एकदम विचारलं, "दारूनं होतो का हा?"

"नाही. ज्याला आहे त्यानं दारू घेतली तर भडकतो, तसा चहानंही भडकतो, वाऱ्यानंही. एक थेंब न घेणाऱ्या नन्स येतात माझ्याकडे, गाल असेच. पातळ गोरी कातडी आपल्याला वाडवडिलांकडून आलीय, त्याची ही देणगी." मग ती मॅलाकीकडे वळली. "डोळ्यांसाठी आणि पुटकुळ्यांसाठी गोळ्या देते. पण या शिरा गोळ्यांनी जाणार नाहीत. त्यांना लेसर लागेल. उजेडाचा ठोका बसतो, शीर आतल्या आत मिटते. तीन-चार वेळा यावं लागेल, मधे पाच-सहा आठवडे सोडून."

"मग कायमचं जातं?"

"बरंच जातं. काही वर्षांनी थोडं परत येतं. आणि पहिले दहा दिवस चेहरा काळानिळा दिसेल, ते आधीच सांगून ठेवते."

ठोके मारणारी नर्स अर्सुला नावाची गोल, बडबडी बाई होती. तिनं त्याला पाठीवर निजवलं, पापण्यांत थेंब घालून त्यावर धातूच्या दोन वाट्या बसवल्या. अंधार झाला. गालावर थंड हवेचा पाइप लागला. मग टक्क आवाज झाला आणि रबरबँड ताणून गालावर सोडावं तसं बसलं. पुन्हा टक्क. जळक्या केसांचा वास आला.

"दुखतंय?" अर्सुलानं विचारलं.

"नाही."

"नाही कसं? सगळे शिव्या देतात इथं. काल एक पाद्रीबुवा येऊन गेले, अशा शिव्या मी बंदरावरसुद्धा ऐकल्या नव्हत्या. खरं सांगा."

मॅलाकीनं विचार केला. दुखत होतं. पण ते दुखणं बाजूच्या खोलीत कुणाला तरी होत असल्यासारखं होतं. "दुखतंय," तो म्हणाला. "पण चालेल."

"मग निदान एक शिवी द्या. मला बरं वाटेल."

त्याला एकही आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर नाण्याएवढे जांभळे डाग उठले, एकाशेजारी एक. कॅफर्कीच्या दुकानात तो पाव घ्यायला गेला तर बार्टली काउंटरला टेकून उभा.

"अरे बाप रे! कुणी बडवलं रे तुला?"

"उजेडानं," मॅलाकी म्हणाला.

दुकानात तिघं होते, तिघंही हसले. संध्याकाळपर्यंत गावात पक्कं झालं की नोकरी गेल्यावर मॅलाकी टॅन्सीनं उघड उघड प्यायला सुरुवात केली आहे आणि फाटकावर आपटून तोंड फोडून घेतलं आहे. ग्रॉन्याला फोनवर हे कळलं तेव्हा ती किंचाळली. तो म्हणाला, "पाव ताजा होता."

दुसरा ठोका मार्चमध्ये. परतताना ग्रॉन्या गाडी चालवत होती. ट्युअम गाव मागं पडलं आणि तिनं गाडी अचानक रस्त्याच्या कडेला घेऊन बंद केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

"डॅडी, मला एक सांगायचंय."

"पेट्रोल संपलं?"

"नाही. ऐक ना. मम्मीच्या दफनानंतर मी दोन आठवडे राहिले होते, आठवतं?"

"आठवतं."

"तेव्हा मी घरात शोधलं होतं."

"काय शोधलंस?"

"बाटल्या." तिचा आवाज फुटला. "तू रडला नाहीस ना. एकदासुद्धा. आणि तुझा चेहरा असा होता, आणि पाठीमागं मोना मावशी कुणाला तरी म्हणाली, बिचारा, दोन घोट घेतल्याशिवाय उभासुद्धा राहता येत नाहीये त्याला. आणि मला वाटलं, असेल. मला वाटलं, इतकी वर्षं लपवलं असेल. तू बसवर गेलास की मी शोधायचे. टॉवेलांच्या कपाटात, सिंकखाली, कोळशाच्या खोलीत. तुझ्या बुटांत हात घालून बघितला मी."

मॅलाकी समोर बघत होता. समोर कुरणात दोन गाढवं होती.

"काय सापडलं?"

"काही नाही! काय सापडणार? काही नाही सापडलं!" ती आता हुंदके देऊन रडत होती. "आणि तेव्हाच मी तुला सांगायला हवं होतं की लोक काय बोलतायत. मी बोलले नाही, कारण मला लाज वाटत होती. मी बोलले असते तर तू तेव्हाच डॉक्टरकडे गेला असतास, आणि बस गेली नसती तुझी."

त्याला काय करावं ते सुचेना. फिलोमिना असती तर तिनं पोरीला जवळ घेतलं असतं. त्यानं पिशवीतून हॅमचं सँडविच काढलं, कागद सोडवला आणि अर्धं तिच्यापुढे धरलं. तिनं घेतलं. रडत रडत खाल्लं. मग गाडी सुरू केली.

घरी आल्यावर त्याला बरंच काही वाटायला हवं होतं. त्यानं टॉवेलांचं कपाट उघडलं. फिलोमिनानं लावलेल्या घड्या तशाच होत्या, त्यानं वरचेच दोन टॉवेल धुऊन धुऊन वापरले होते. त्यानं दार लावलं. सिंकखाली बघितलं. कोळशाच्या खोलीत दिवा लावून उभा राहिला. आपली पोर इथं गुडघ्यांवर बसून हात काळे करत होती, हे त्यानं डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. आलं. पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरातलं असावं तसं.

दोन दिवसांनी फोन वाजला, त्यानं उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी भांडी विसळताना त्याच्या लक्षात आलं की आपण रागावलो आहोत. रागाचा शोध असा उशिरा लागल्याचं त्याला थोडं नवल वाटलं. गावाचा राग नव्हता, पॉरिकचाही नव्हता. राग पोरीवर होता. तो तसाच महिनाभर राहिला. बार्टलीची बायको मधून मधून येऊन सांगायची, "ग्रॉन्या विचारत होती, तू जिवंत आहेस का." मॅलाकी म्हणायचा, "तिला सांग, चौकशी चालू आहे."

तिसऱ्या ठोक्याच्या दिवशी ग्रॉन्यानं फाटकाशी येऊन हॉर्न वाजवला, गाडीतून उतरली नाही. मॅलाकी टोपी घालून बाहेर आला आणि शेजारी बसला. ट्युअमपर्यंत दोघं एक अक्षर बोलली नाहीत. गाव लागलं तसा तो म्हणाला, "वॉशिंग मशीनच्या मागं बघितलंस?"

"नाही."

"तिथं बघायचं होतंस. सगळे हुशार लोक तिथंच ठेवतात."

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो गंभीरच होता. मग तिला हसू फुटलं, आणि हसताना पुन्हा डोळे भरले, आणि ट्युअमचा सिग्नल हिरवा झाला तरी ती हलली नाही म्हणून मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

जूनमध्ये चौथा ठोका झाला, आणि जुलैत आरशात दुसराच माणूस आला. चेहरा फिका, जरा म्हातारा, नाक बारीक झाल्यासारखं. डोळेही निवळले होते. दाढी करताना मॅलाकी त्या माणसाकडे बघायचा. वाईट नव्हता दिसायला. पण त्याची फिलोमिनाशी ओळख नव्हती, असं त्याला वाटायचं. रविवारी चर्चमध्ये माणसं म्हणायची, "मॅलाकी, काय तब्येत सुधारलीय रे! सोडलीस वाटतं!" तो म्हणायचा, "सोडली."

ऑगस्टअखेर पॉरिक आला. या वेळी बूट काढून आत आला.

"यूजीन लॉरीवर चाललाय. सोमवारपासून तू ये."

"ईस्टर होऊन गेलं, पॉरिक."

"माहितीये."

"आता का बोलावतोस? चेहरा बरा झाला म्हणून?"

पॉरिकनं कपातला चहा ढवळला. साखर त्यात नव्हतीच. "खोटं कशाला बोलू? हो. शून्याचा कागद दाखवला तेव्हा त्या चौघीजणी म्हणाल्या, त्या दिवशी प्यायला नसेल. आता तुला रस्त्यावर बघून कुणी काही म्हणत नाही."

मॅलाकीनं यावर विचार केला. त्याला अपमान वाटला का? वाटला असावा, पण लांबून. "येतो," तो म्हणाला. घरी बसून करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी चौफुलीपाशी एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलीचा हात धरून उभी होती. तिचं नाव नोरीन कडिही. दोन वर्षांपूर्वी डब्लिनहून येऊन तिनं जुन्या गिरणीजवळचं घर घेतलं होतं. मुलगी चढली. नोरीन पायरीशी येऊन हसून म्हणाली, "तुम्ही नवे ना? बरं झालं बाई. यूजीनच्या आधीचे होते ते घ्यायचे म्हणतात. माझा तर जीव टांगणीला असायचा."

मॅलाकी म्हणाला, "त्याच्या आधीचाही मीच."

 आधी तिला वाटलं चेष्टा करतोय. मग तिनं टोपी बघितली, हात बघितले, कोटावरची पिन बघितली. तिच्या मानेवरून लाली चढत वर आली. बसमधून कुणी तरी ओरडलं, "सिग्नल, चल ना!" मॅलाकीनं दार लावलं आणि बस काढली.

शनिवारी दुपारी ती घरी आली, सफरचंदाचा टार्ट कापडात गुंडाळून. त्यानं तिला आत घेतलं, चहा ठेवला. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"पहिला फोन मीच केला होता," ती म्हणाली. "सह्यापण मीच गोळा केल्या."

"मला वाटलंच."

"मी माफी मागायला आले आहे, पण आधी सांगते का केलं ते. मग माफ करायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा." तिनं हात एकात एक अडकवले. "माझे बाबा प्यायचे. चेहरा असाच, लालबुंद. एकदा मला आणि माझ्या भावाला शाळेतून आणायला आले. आम्ही मागच्या सीटवर. पुलाच्या कठड्यावर गेली गाडी. मला काही झालं नाही."

"भावाचं नाव काय?"

तिला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "डेक्लन."

"केवढा होता?"

"नऊ वर्षांचा." तिनं अडकवलेले हात सोडवले. मग म्हणाली, "त्या सकाळी तुम्ही खिडकीतून बघितलंत, आणि मी एकदम त्या मागच्या सीटवर होते."

मॅलाकीनं टार्ट कापला. "आधी येऊन मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

"पीत नाही म्हणालो असतो."

"माझे बाबापण तेच म्हणायचे."

 त्यानं तिच्या ताटलीत मोठा तुकडा वाढला आणि आपल्या ताटलीत छोटा. माफ केलं असं तो म्हणाला नाही, नाही केलं असंही म्हणाला नाही.  मग, कसं ते त्यालाही कळलं नाही, तो फिलोमिनाबद्दल बोलायला लागला. मोरीतली फरशी, चालू असलेलं मशीन, ते थांबल्यावर आपण कपडे कसे वाळत घातले, चिमटे कसे कमी पडले. हे त्यानं ग्रॉन्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगताना आवाज सरळ होता, बसच्या थांब्यांची नावं सांगावी तसा. मधेच त्यानं सवयीनं गालाला हात लावला. गाल थंड होता.

"मग दवाखान्यात गेलात?" नोरीननं हळू विचारलं.

"गेलो. तिथं त्यांनी मला चहा दिला. फार गरम होता."

नोरीन रडली. मॅलाकीनं तिला टॉवेलांच्या कपाटातून एक धुतलेला टॉवेल आणून दिला, कारण रुमाल कुठं असतात ते त्याला अजून माहीत नव्हतं. ती गेल्यावर त्यानं उरलेला टार्ट झाकून ठेवला. रात्रीच्या जेवणाला तोच खाल्ला. चांगला झाला होता.

त्यानंतर नोरीन बाकीच्या तिघींकडे जाऊन आली आणि काय असेल ते बोलली. त्यातली एक मॅलाकीला दुकानात भेटून "चुकलंच आमचं" म्हणाली, दोघींनी नुसता लांबून हात केला. गिलमार्टिनमध्ये मात्र शेवटपर्यंत असंच मानलं गेलं की गॉलवेला एक यंत्र आहे, ते माणसाची दारू सोडवतं आणि वर तोंडही साफ करून देतं. बार्टलीनं तर आपल्या मेव्हण्यासाठी पत्तासुद्धा मागितला.

दोन हिवाळे गेले. नाकाच्या कडांना लाली परत यायला लागली, जशी येईल म्हणून डॉक्टर हेगार्टी म्हणाली होती. मॅलाकीला त्याचं काही वाटलं नाही. ग्रॉन्यानं मात्र वेळ घेतली, आणि तो गेला. जाऊन येऊन तीन तास गाडीत दोघंच असायची, तेवढ्या वेळात ती शाळेतल्या भांडणांबद्दल सांगायची आणि तो रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल.

परतताना ट्युअमच्या पुढं तिनं विचारलं, "डॅडी, तुला मम्मीची आठवण येते का रे?"

त्यानं काचेवरची वाफ बाहीनं पुसली. 

"सुट्टीत येते," तो म्हणाला. "शाळा असली की बस असते."

"आता नाताळची सुट्टी लागेल."

"हो. दोन आठवडे आहे."

"मी येऊ राहायला?"

"ये," मॅलाकी म्हणाला. "शोधायला नको म्हणजे झालं."

तिनं त्याच्या दंडावर चापट मारली आणि गाडी पुढं काढली.